काकूच्या हातची हळद

आदरणीय मावशी,

मी ४८ वर्षांची, प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. मिरजेच्या पलीकडे आमचं गाव. एकत्र कुटुंब, थोडा ऊस, दोन म्हशी. बी. ए.ला मराठी होतं तेव्हा हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी वाचली आणि हॉस्टेलच्या खोलीत उशीत तोंड खुपसून रडले. मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, माझे धाकटे दीर गेले. मागं जाऊ आणि तिचा मुलगा. दहाव्या दिवशी घरातल्याच बायकांनी माझ्या जावेचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, जोडवी काढून घेतली. मी दारात उभी होते. त्या कादंबरीतली, विधवा झालेली यमू आठवली, पण माझा हात काही पुढं झाला नाही.

आता वैशाखात माझ्या मुलीचं लग्न आहे. मी शाळेत जायचे तेव्हा हिला न्हाऊमाखू घालणारी, हिची वेणी घालणारी माझी जाऊच. मुलीचा हट्ट आहे की पहिली हळद काकूनं लावायची. सासूबाई म्हणतात, “असं कुठं असतंय व्हय? रीत काय मी घातली नाही.” सासरे जाऊन नऊ वर्षं झाली, त्याही कुठल्या कार्यात पुढं येत नाहीत. आणि जाऊ स्वतःच म्हणते, “नको ताई, मी आत स्वयंपाकाचं बघते. उद्या पोरीच्या संसारात काही वाकडं झालं तर बोल माझ्यावर यायचा.” लग्नाच्या गडबडीआधी शेतीचे कागद उरकायचे आहेत, जावेची सही झाली की तेवढं एक काम हातावेगळं होईल, असं हे म्हणतात, म्हणून सगळंच एकदम अंगावर आलंय. परवा मुलीला ती कादंबरी वाचायला दिली. चाळीसेक पानं वाचून म्हणाली, “आई, हे सव्वाशे वर्षांपूर्वीचं आहे. आता कोण विधवांची डोकी भादरतंय?” मला उत्तर सुचलं नाही. हळदीचं काय करू, आणि मुलीला काय सांगू?

(नाव छापू नये)

-----

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हळदीसाठी आणि दुसऱ्यांदा त्यातल्या एका वाक्यासाठी. ते वाक्य तुम्ही अगदी जाता जाता लिहिलं आहे. त्याच्याकडे मी येणार आहे, पण आधी लेकीच्या प्रश्नाचं बघू. तिनं तो मनापासून विचारलाय आणि तिचं म्हणणं निम्मं खरं आहे.

डोकी आता कोणी भादरत नाही. शिवाय ती रूढी मुख्यतः ब्राह्मणांच्या घरातली आणि त्यांचं बघून वागणाऱ्या काही जातींतली. तुमच्या घरात कदाचित ती कधीच नसेल. पण तुमच्या लेकीनं ज्याला ‘सव्वाशे वर्षांपूर्वीचं’ म्हटलं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आमच्या घरी माझ्या वडिलांची आत्या होती. तांबडं आलवण नेसायची, पदर कपाळापर्यंत ओढलेला. दर पंधरवड्याला न्हावी परसदारानं यायचा. पुढच्या दारानं कधीच नाही. तो आला की आम्हा पोरांना ओटीवर पिटाळायचे. मी पाच-सहा वर्षांची असेन. एकदा न्हाणीघराच्या भिंतीआड लपून पाहिलं. आत्या पाटावर बसलेली, गुडघे पोटाशी घेतलेले, पाठ माझ्याकडे. न्हाव्यानं पितळी वाटीतलं पाणी तिच्या डोक्याला चोळलं आणि वस्तरा फिरवायला लागला. खरखर असा आवाज येत होता. एक शब्द कोणी बोललं नाही. मधेच आत्यानं हात मागं नेऊन मानेवरचं आलवण सारखं केलं, जशी आपण पदर सारखा करतो तसं. मी रात्री तिच्याच कुशीत झोपायची. तिचं डोकं माझ्या गालाला टोचायचं. त्या रात्री मी विचारलं, “आत्या, दुखतं का गं?” ती म्हणाली, “आता सवय झाली. पहिल्या दिवशी दुखलं.” पहिला दिवस म्हणजे तिचं चौदावं वर्ष. मोठी झाल्यावर आईकडून कळलं.

तुमच्या जावेचं “नको ताई, मी आत स्वयंपाकाचं बघते” वाचलं आणि मला आत्याचं ते “आता सवय झाली” ऐकू आलं.

तेव्हा लेकीला सांगा की पुस्तक चाळीस पानांवर सोडू नकोस, मुंबईपर्यंत जा. मला स्वतःला ही कादंबरी तिच्या शेवटामुळे जितकी मोठी वाटते, त्याहून जास्त मधल्या सुखाच्या प्रकरणांमुळे वाटते. आपण सगळ्या शेवटासाठी रडतो आणि मधलं विसरतो. यमू लहानपणी लग्न होऊन सासरी जाते, तिथला जाच सोसते, हे त्या काळच्या कुठल्याही मुलीचं झालं. पण तिला नवरा मिळतो तो रघुनाथराव. तो तिला शिकवतो, माणसासारखं वागवतो. दोघं मुंबईला बिऱ्हाड करतात. तिथं तिला स्वतःचं घर मिळतं, वाचन मिळतं, मनातलं बोलायला माणसं मिळतात. वाचणाऱ्याला वाटतं, सुटली बाई एकदाची! तिच्या मैत्रिणीच्या, दुर्गीच्या, वाट्याला आलेला नवरा बघितला की यमूचं नशीब आणखीच उजळ दिसतं.

आणि मग रघुनाथराव जातो. एका माणसाचा श्वास थांबतो आणि तिचं घर, वाचन, बोलणं, मान सगळं त्याच्यामागं जातं. यमू तीच असते. तिची अक्कल, तिचं शिक्षण, तिचा स्वभाव तसूभरही बदललेला नसतो. पण तिला जे मिळालेलं होतं ते तिचं नव्हतंच, नवऱ्याच्या जिवंत असण्यावर टांगलेलं होतं. मग सासरच्या शंकरमामंजींच्या हाती सापडलेल्या त्या मुलीवर जबरदस्तीनं वस्तरा चालवला जातो. हरिभाऊंनी यमूला वाईट नवरा दिला असता तर आपण म्हणालो असतो, नवरा चांगला असता तर बिचारीचं बरं झालं असतं. त्यांनी ती पळवाटच ठेवली नाही. पंचविशीच्या आसपासच्या एका पुरुषानं, तिनंच लिहिलेली आत्मकथा असावी अशा तऱ्हेनं हे सगळं लिहिलं. मी पुष्कळ कादंबऱ्या शिकवल्या, पण वर्गात इतकी शांतता दुसऱ्या कुठल्या पुस्तकाला पडलेली मला आठवत नाही.

आता तुमची जाऊ बघा. दीर चांगले होते असं तुमच्या पत्रातून जाणवतं. ते असताना तीच जाऊ हळदीला पुढं, तीच ओटी भरायला पुढं, तीच वेणी घालायला. मे २०२१ च्या आधी जे हात शुभ होते ते एका दहाव्यात अशुभ झाले. त्या हातांनी काय केलं होतं? तुमच्या लेकीला भरवलेला घास त्या हातांना अजून आठवत असेल. लेकीला सांगा, डोकं भादरणं हे त्या गोष्टीचं एक रूप होतं. ते रूप गेलं. बाईचा मान नवऱ्याच्या श्वासावर टांगून ठेवायचा, हे मूळ कुठं गेलंय? उलट एका बाबतीत आजची परिस्थिती मला जास्त अवघड वाटते. यमूवर बळजबरी करावी लागली होती. तुमच्या जावेला कुणी धरलेलं नाही. ती आपल्या पायांनी स्वयंपाकघरात जाते आणि वर तुमच्या मुलीच्या सुखासाठी जाते असं म्हणते.

अजून एक गोष्ट लेकीला सांगण्यासारखी आहे, आणि थोडी तुम्हालाही. ही कादंबरी १८९० मध्ये ‘करमणूक’ या साप्ताहिकातून क्रमशः यायला लागली, पुस्तक १८९३ ला निघालं. ते साप्ताहिक कुणाच्या घरी जायचं? पुण्या-मुंबईच्या शिकल्यासवरल्या घरांत. म्हणजे ज्या घरात पुढच्या ओटीवर यमूची गोष्ट वाचून डोळे पुसले जात होते, त्यातल्या कितीतरी घरांच्या परसदारी न्हावी येत होता. ‘पण लक्षात कोण घेतो’ हा प्रश्न यमू शंकरमामंजींना विचारत नाही, त्यांच्याकडून तिला काही आशाच नाही. ती विचारते वाचणाऱ्यांना. तुम्ही हॉस्टेलमध्ये रडलात, मीही रडले होते. ते रडणं खोटं नव्हतं. पण दहाव्याच्या दिवशी दारात उभं राहिल्यावर तुम्हाला यमू आठवली आणि हात पुढं झाला नाही, हे तुम्ही स्वतःहून लिहिलंत, न लपवता. मी त्यासाठी तुम्हाला दोष देणार नाही. मृत्यूच्या घरात, चार मोठ्या बायकांसमोर, कोणाचाही हात जड होतो. आता मात्र तुमच्या हाताशी वेळ आहे, वैशाख लांब आहे.

हात थांबू शकतात, याचा एक दाखला त्याच काळातला आहे. कादंबरी छापून येत होती त्याच सुमाराला मुंबईत कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हावी मंडळींनी ठरवलं की आम्ही विधवांचं केशवपन करणार नाही. हातावर पोट असलेली माणसं ती. मला ही गोष्ट त्या काळच्या मोठमोठ्या व्याख्यानांपेक्षा जास्त हलवून जाते, कारण वस्तरा शेवटी त्यांच्याच हातात होता.

आणि बायका गप्प होत्या असंही कोणी समजू नये. हरिभाऊंच्या आधी आठ वर्षं, १८८२ मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. ती कादंबरी नाही, रोखठोक निबंध आहे. त्यात त्या पुरुषांना विचारतात की बायको मेली म्हणजे तुम्ही का नाही दाढीमिशा भादरून रानात जाऊन राहत? दहाव्यालाच दुसरी कशी करता? यमूच्या घरातही हेच घडतं. तिची आई जाते आणि वडील दुसरं लग्न करून मोकळे होतात. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. तुमच्या गावात बायको गेलेला पुरुष हळदीच्या मांडवात कुठं बसतो, ते एकदा लेकीलाच बघायला सांगा. त्याला कोणी स्वयंपाकघरात पाठवलेलं मी तरी पाहिलं नाही.

आता हळदीकडे येऊ.

पहिली गोष्ट, जावेला मांडवात सगळ्यांसमोर ओढून आणू नका. लेकीच्या हट्टाचं मला कौतुक आहे, पण ऐन हळदीत “काकू, तूच लाव” म्हणून तिचा हात धरला तर दोनशे डोळे तिच्यावर लागतील. ती लावेलही, नाही कशी म्हणेल? पण रात्री झोपताना तिला अपराधी वाटेल, आणि पुढं वर्षभरात मुलीच्या घरी साधं कोणी आजारी पडलं तरी ती स्वतःलाच दोष देईल. तिला तुमच्या सुधारणेचं प्रदर्शन बनवायचं नाही. तिचं तिला ठरवू द्या, फक्त ते ठरवायला तिला आधी मोकळी जागा द्या.

तेव्हा आधी तिच्याशी एकटीशी बोला. म्हशींचं झाल्यावर, किंवा दळण आणायला दोघीच जाल तेव्हा. लग्नाचा विषय काढूच नका. दहाव्याच्या दिवसाचा काढा. “त्या दिवशी मी दारात उभी होते, मला पुढं यायला हवं होतं, मी आले नाही,” एवढंच म्हणा आणि थांबा. मला वाटतं, इतक्या वर्षांत तिला हे कोणी म्हटलेलं नसेल. ती रडेल, चिडेल, किंवा “जाऊ दे ताई” म्हणून कामाला लागेल. काहीही झालं तरी ते ऐकून घ्या. मग आठवड्याभरानं लेकीला तिच्याकडे पाठवा. ‘बोल तुझ्यावर येईल’ ही भीती तुम्ही समजावून जाणार नाही, ती लेकीनंच काढली पाहिजे. ज्या पोरीच्या संसाराला वाईट होईल म्हणून ती भिते आहे, त्या पोरीनंच तिच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणावं की माझं बरंवाईट तुझ्या हातावर नाही, आणि असलंच तर बरंच आहे, कारण मला वाढवलंय त्याच हातांनी. एवढं होऊनही ती नको म्हणाली तर तिचं नको मान्य करा. ते नको मग तिचं स्वतःचं असेल.

दुसरी गोष्ट सासूबाईंची. तुमच्या पत्रात त्या विरोधात उभ्या आहेत, पण मला त्या रांगेत उभ्या दिसतात. सासरे जाऊन नऊ वर्षं झाली, त्याही कुठल्या कार्यात पुढं येत नाहीत, असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढं गेलात. नऊ वर्षं! या नऊ वर्षांत घरात, भावकीत किती लग्नं झाली असतील, किती बारशी. प्रत्येक वेळी ही बाई मागं सरकली आहे आणि ‘रीत काय मी घातली नाही’ म्हणून तिनं स्वतःची समजूत घातली आहे. आज धाकट्या सुनेला हळद लावायला दिली तर तिची ती नऊ वर्षं कशासाठी गेली? हा हिशोब माणसाला फार जड जातो. मी कितीतरी घरांत पाहिलंय, सोसलेली बाईच सगळ्यात कडक पहारा देते. यात दुष्टपणा असतोच असं नाही. आपण सोसलं ते फुकट गेलं हे कबूल करणं भयंकर असतं.

म्हणून त्यांना जावेसाठी परवानगी मागायला जाऊ नका. त्यांना त्यांच्यासाठी बोलवा. नातीला म्हणू दे, “आजी, पहिली हळद तू लाव, दुसरी काकू.” त्या झिडकारतील, “येडी का काय” म्हणतील. पण ते बोलावणं त्यांच्या कानात राहील. ज्या दाराबाहेर त्या नऊ वर्षं उभ्या आहेत, ते आधी त्यांच्यासाठी उघडलं तर सुनेसाठी बंद करायला त्या उठणार नाहीत, असं मला वाटतं. खात्री देत नाही. तुमच्या सासूबाईंना तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ओळखता.

गुरुजींशी आणि चार जवळच्या बायकांशी आधीच बोलून ठेवा. ऐन वेळी कुजबूज करणाऱ्या बहुतेक वेळा दोघी-तिघीच असतात आणि त्या कोण ते तुम्हाला आजही ठाऊक असेल. आणि कोणी ‘गाव काय म्हणेल’ असं म्हटलंच तर त्यांना हेरवाड सांगा. शिरोळ तालुक्यातलं, तुमच्यापासून काही फार लांब नाही. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं हे आमच्या गावात होणार नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं आवाहन केलं. तुमच्या दिरांच्या दहाव्यानंतर जेमतेम एक वर्षानं. म्हणजे ज्या गोष्टीला तुमचा हात जड झाला होता, तिच्याविरुद्ध पंचक्रोशीतल्याच एका अख्ख्या गावानं हात वर केला. ठरावानं घराघरातली कुजबूज थांबते असं नाही, पण तोंड उघडायला आधार मिळतो.

आता ते वाक्य. “जावेची सही झाली की तेवढं एक काम हातावेगळं होईल.”

ताई, हळदीबद्दल तुम्ही अर्धं पत्र लिहिलंत आणि सहीबद्दल एक ओळ. मला उलटं वाटतं. हळद लावायला मिळाली नाही तर जावेला दुःख होईल, मोठं दुःख. पण चुकीच्या कागदावर सही झाली तर तिच्या आणि तिच्या लेकराच्या पायाखालची जमीन जाईल, ती अगदी शब्दशः. तुमच्या मिस्टरांच्या मनात काही काळंबेरं आहे असं मी म्हणत नाही, मी त्यांना ओळखत नाही. पण कागद कसला आहे हे तुमच्या पत्रात नाही, आणि मला वाटतं तुम्हालाही माहीत नाही. तो वाटणीपत्राचा आहे की हक्कसोडपत्राचा? वाटणीपत्रात तिच्या नावावर काहीतरी येतं. हक्कसोडपत्रात तिच्या नावावरचं जातं, आणि एकदा दुय्यम निबंधकाकडे त्याची नोंदणी झाली की ते मागं फिरवणं फार कठीण. ‘बहिणीनं सोडलं, वहिनीनं सोडलं’ असं आपल्याकडे किती सहज म्हणतात. सोडणाऱ्या बाईला पुष्कळदा एवढंच सांगितलेलं असतं की इथं इथं सही कर.

नवऱ्याच्या हिश्श्यात विधवा पत्नी पहिल्या वर्गाची वारस आहे. मुलगा तसाच, आणि तुमच्या सासूबाईसुद्धा, कारण त्या गेलेल्या मुलाची आई आहेत. तिघांचे हिस्से सारखे. एकदा मिळालेला हिस्सा पुढं तिनं दुसरं लग्न केलं तरी जात नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण ‘उद्या ती दुसरं लग्न करून गेली तर?’ असं म्हणून लोक घाबरवतात. १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा आपण शाळेत मोठ्या अभिमानानं शिकवतो. त्यात एक कलम होतं की पुन्हा लग्न केलं तर पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क संपेल. लग्नाची मोकळीक मिळाली, पण रिकाम्या हातानं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं तिचा हिस्सा तिच्या पूर्ण मालकीचा केला. इतकी वर्षं झाली तरी आपल्या घरांतून अजून १८५६ चीच भाषा बोलली जाते.

तेव्हा तलाठ्याकडे जावेचं आणि मुलाचं नाव वारस म्हणून लागलंय का ते बघा. सातबारा काढा, तो ऑनलाइनही मिळतो, तुमची लेक पाच मिनिटांत काढून देईल. जो कागद करायचा आहे त्याची प्रत आठ दिवस आधी जावेच्या हातात पडू दे. तुम्ही शिक्षिका आहात, तिच्याशेजारी बसून तो सबंध मोठ्यानं वाचून दाखवा, न कळणाऱ्या शब्दाखाली रेघ मारा. मग तिला घरच्या वकिलाकडे न नेता वेगळ्या वकिलाकडे न्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला वकिलाचा सल्ला फुकट मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्ह्याच्या न्यायालयातच त्यांचं कार्यालय असतं. पुतण्या अठरा वर्षांखालचा, म्हणजे कायद्यानं अज्ञान असेल तर त्याच्या हिश्श्याचा प्रश्न आणखी वेगळा, तो वकिलाला विचारल्याशिवाय कोणीही निकालात काढू नये. आणि लग्नाच्या आधी हे उरकायची घाई कशासाठी? ऊस तोडून जातो, शेत कुठं पळून जात नाही. लग्न होऊ दे, पाहुणे जाऊ देत, मग निवांत बसा.

हे केलंत तर घरात तुमच्याशी अबोला धरला जाईल, कदाचित मिस्टरांकडूनच. “तू कोणाच्या बाजूची?” असं ऐकावं लागेल. हे तुमच्यापासून लपवून मी तुम्हाला सल्ला देणार नाही. तुम्हाला पगार आहे, तुमचं बोलणं ऐकलं जातं, म्हणून हे तुम्हाला सांगते. तुमच्या जावेला मी हे लिहिलं नसतं. तिच्यासाठी त्यात जोखीम फार आहे.

लेकीनं मुंबईची प्रकरणं संपवली की तिला विभावरी शिरूरकरांचा ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह द्या. १९३३ चा आहे. त्यात शिकलेल्या, मिळवत्या मुली आहेत, ज्यांच्या पगारावर घर चालतं आणि म्हणूनच ज्यांच्या लग्नाची घरात कोणाला घाई नसते. नोकरी करणाऱ्या मुलीला तो यमूपेक्षा लवकर ओळखीचा वाटेल.

जाता जाता एक. तुमच्याकडच्या लग्नपत्रिकेत खाली ‘आपले नम्र’ म्हणून घरातल्या सगळ्यांची नावं असतात. दीर गेल्यापासून ज्या पत्रिका निघाल्या त्यात जावेचं नाव होतं का, ते जुनी पत्रिका काढून बघा. नसेल तर यंदाची पत्रिका प्रेसमध्ये जायच्या आधी फोन करा. तिचं पूर्ण नाव घाला, आणि मुलीच्या सांगण्यावरून घाला. जावेला ते तुम्ही सांगू नका. गठ्ठा घरी आला की कुंकू लावायला तिच्याच हातात द्या. पहिली देवापुढची पत्रिका ती उघडेल तेव्हा वाचेल.

तुमची,
मावशी